नाना जंक्शन

"यावरून आठवलं" एवढं बोलून जी माणसं खुर्ची पुढे ओढतात, त्यांची एक स्वतंत्र जमात आहे. बँकेत, शाळेच्या टीचर्स रूममध्ये, सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या टोळक्यात तिचा एकेक नमुना सापडतोच. आमच्या सोसायटीतल्या नमुन्याला पोरांनी 'नाना जंक्शन' असं नाव ठेवलंय. तुम्ही कुठल्याही विषयाचं तिकीट काढून बोलायला बसा, नानांपाशी गाडी बदलावीच लागते. बदललेली गाडी कुठून कुठे जाईल हे नानांनाही सांगता येत नाही, पण शेवटचं स्टेशन बहुतेक वेळा हिंगणघाट असतं. नाना मूळचे तिथले. जन्म हिंगणघाटचा, नोकरी बँकेतली आणि निवृत्ती पुण्यातली.

या जमातीची इतरांशी गल्लत करू नये. सकाळी सहाला 'नासाने मान्य केले' असं काहीबाही पुढे ढकलणारे वेगळे. त्यांची माहिती खोटी असते, त्यामुळे त्यांना गप्प बसवणं सोपं. नानांची माहिती खरी असते, अडचण तीच आहे. दुसऱ्या मजल्यावरचा इंजिनिअर मुलगा पूर्वी ते बोलत असताना मोबाइलवर पडताळून बघायचा. दर वेळी नानाच बरोबर निघायला लागले तेव्हा त्याने नाद सोडला. नाना थापा मारत नाहीत. त्यांना एवढंच सहन होत नाही की जगात एखादी गोष्ट एकटी आहे, तिचं कुणी नातेवाईक नाही.

आषाढी एकादशीला मी त्यांच्याकडे गेलो होतो. काकूंनी खिचडीची ताटली पुढे ठेवली. मोकळी, लुसलुशीत, वरून खोबरं-कोथिंबीर, कडेला लिंबाची फोड. नानांनी चमच्याने एक साबुदाणा बाजूला काढला आणि साक्षीदार ओळखावा तसे त्याच्याकडे बघत राहिले. मग सुरू झाले. साबुदाणा कसाव्याच्या कंदाचा, कंद मूळचा दक्षिण अमेरिकेतला, कारखाने तमिळनाडूत सेलमला. बटाटा पेरूकडच्या डोंगरांतला. मिरची मेक्सिकोची. शेंगदाणा पुन्हा दक्षिण अमेरिकेचा. म्हणजे १४९२ साली कोलंबस घरीच बसला असता तर या ताटलीत तूप, जिरं, मीठ आणि वरचं खोबरं-कोथिंबीर-लिंबू एवढंच उरलं असतं. "ज्ञानेश्वरांनी जन्मात साबुदाण्याची खिचडी खाल्लेली नाही," नाना विजयी मुद्रेने म्हणाले, "आणि आपण त्यांच्या पालखीच्या नावाने हे खातोय!"

"रताळं आहे की," मी म्हणालो.

"अमेरिकेचं."

"राजगिरा?"

"तोही तिकडचाच."

"वरीचे तांदूळ आपले आहेत," काकू आतून म्हणाल्या. "उद्यापासून तेच करते."

नानांनी पुढचं वाक्य गिळलं आणि ताटली पुन्हा भरायला पुढे केली.

सोसायटीतल्या पोरांनी नानांचा खेळच करून टाकलाय. दोन टोकं पोरांनी द्यायची, मधला रस्ता नानांनी काढायचा. एकदा एकाने टाकलं, "कपिल देव ते पानिपत!" नानांनी डोळे मिटले, चष्मा कपाळावर चढवला आणि निघाले. १९८३ चा वर्ल्ड कप. झिम्बाब्वेविरुद्ध आपली अवस्था ५ बाद १७. तिथून कपिलचे नाबाद १७५. त्या दिवशी बीबीसीचा संप होता, म्हणून त्या खेळीचं चित्रीकरणच नाही. मॅच कुठे झाली? टनब्रिज वेल्स नावाच्या इंग्लंडातल्या टुमदार गावात. त्या गावात अठराव्या शतकात थॉमस बेज नावाचा एक पाद्री राहायचा. त्याने संभाव्यतेवर एक निबंध लिहून ठेवला होता, तो त्याच्या मृत्यूनंतर छापला गेला. तुमच्या ईमेलमधली लॉटरीची पत्रं कचऱ्यात टाकताना अजूनही त्याचंच गणित वापरतात. हा बेज त्याच टनब्रिज वेल्समध्ये वारला, एप्रिल १७६१ मध्ये. पानिपतानंतर तीन महिन्यांच्या आत!

पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी मात्र बघत होतो, नाना जरा ओशाळले होते. का, ते मला नंतर कळलं.

सांधा कुठला वापरला यावरून या मंडळींची पत ठरते. सगळ्यात अव्वल सांधा रक्ताचा: याचा मामा तो, त्याचा जावई हा. तो तुटत नाही. त्याखालोखाल गावाचा, म्हणजे दोघं एकाच ठिकाणी होते. कपिल आणि बेज इथपर्यंत ठीक. पण 'त्याच साली' हा सांधा अगदी हलका. १७६१ साली जगात काय थोडं झालं? नानासाहेब पेशवेही त्याच साली पर्वतीवर गेले. म्हणून काय बेजचं सुतक धरायचं? 'त्याच साली'वर साखळी बांधणं म्हणजे गाडी सुटत असताना डबा न बघता चढणं, हे नाना जाणतात. खाली शाळेची बस हॉर्न वाजवायला लागली की नाइलाजाने त्यांना तो सांधा मारावा लागतो. बस पाच मिनिटं उशिरा आली असती तर त्यांनी पानिपतला सन्मार्गाने नेलं असतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

त्यांचा सन्मार्ग बघायचा असेल तर आमची गेल्या वर्षीची सर्वसाधारण सभा बघायला हवी होती. विषय क्रमांक चार: बागेतली गंजलेली जंगल जिम काढून टाकणे. मुलं चढतात-लोंबकळतात ती नळ्यांची चौकट, तिच्यावरून एक मूल पडता पडता वाचलं होतं. खजिनदारांनी तीन कोटेशनं आणली होती. त्यांनी पहिल्याचा आकडा वाचला आणि नानांनी हात वर केला.

"काढून टाकण्याआधी ती कुणाची आहे ते तरी ऐका."

ती निघाली सेबास्टियन हिंटन नावाच्या शिकागोकडच्या पेटंट वकिलाची. १९२० साली त्याने तिच्या पेटंटसाठी अर्ज केला. पण कल्पना त्याची नव्हती, बापाची होती. बाप चार्ल्स हिंटन गणिताचा मास्तर. दोन लग्नं केली म्हणून इंग्लंडात खटला झाला, मग तो जपानात जाऊन शिकवू लागला. (इथे महिला मंडळाने मोबाइल खाली ठेवले.) पोरांना मिती समजाव्यात म्हणून त्याने अंगणात बांबूंची चौकट उभी केली आणि त्यांना तिच्यात माकडासारखं चढायला लावलं. पुढे अमेरिकेत गेल्यावर त्याने बेसबॉलचे चेंडू फेकणारी बंदूक केली, खरी दारू भरलेली.

"म्हणजे धोकादायक वस्तू करणं घराण्यातच आहे," खजिनदार म्हणाले. "पहिलं कोटेशन..."

"घराण्याचाच मुद्दा आहे," नाना म्हणाले. "याची बायको कोण? मेरी एलन. जॉर्ज बूलची मुलगी."

बूल म्हणजे तोच, ज्याने 'हो' आणि 'नाही' यांचं बीजगणित केलं. आजचा प्रत्येक संगणक त्याच्यावर चालतो. पावसात भिजत कॉलेजात गेला, ओल्या कपड्यांनी व्याख्यान दिलं आणि १८६४ साली न्यूमोनियाने गेला. ज्याने आजार आला त्यानेच तो जातो अशा समजुतीने बायकोने त्याला ओल्या चादरींत गुंडाळलं होतं, अशी कथा सांगतात. महिला मंडळात यावर दोन तट पडले.

"नाना, हो की नाही तेवढं सांगा," सेक्रेटरी काकुळतीला आले. "बूलने एवढंच सांगितलंय ना?"

पण नाना आता उताराला लागले होते. बूलची ती बायको कोण? मेरी एव्हरेस्ट. तिचा काका सर जॉर्ज एव्हरेस्ट, ज्याचं नाव १८६५ साली शिखराला दिलं. एव्हरेस्टचा साहेब कोण? विल्यम लॅम्बटन. १८०२ साली मद्रासजवळ त्याने जमिनीवर साखळी टाकली आणि हिंदुस्थान मोजत वर सरकू लागला. अर्ध्या टनाचं थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, घेऊन. ते तंजावरच्या देवळावर चढवताना आपटलं तर गड्याने स्वतः दुरुस्त केलं, पण मोजणी थांबवली नाही. असा मोजत मोजत हा म्हातारा १८२३ च्या जानेवारीत नागपूरच्या वाटेवर असताना वारला. कुठे?

सभेत एकाच वेळी पाच-सहा आवाज आले. "हिंगणघाटला!"

नानांचे डोळे भरून आले. "थडगं आहे तिथे," ते म्हणाले आणि बसले.

दुसऱ्या मजल्यावरच्या त्या इंजिनिअर मुलाने उगाचच काडी लावली. "नाना, हे सगळं ठीक, पण आमच्या नोकऱ्या आता कृत्रिम बुद्धिमत्ता खाणार आहे, त्याचं बघा." नाना पुन्हा उठले. त्या बुद्धिमत्तेच्या पायाभूत कामाबद्दल २०२४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल ज्या दोघांना मिळालं त्यांतल्या एकाचं पूर्ण नाव जेफ्री एव्हरेस्ट हिंटन. बूलचा खापरपणतू. "म्हणजे तुझी नोकरी जाणार ती बाहेरच्या कुणामुळे नाही," नाना त्याला धीर देत म्हणाले, "आपल्या बागेतल्या जंगल जिमच्या घरातल्या माणसामुळे."

इतिवृत्तात नोंद आहे: 'विषय क्र. ४ वर सविस्तर चर्चा झाली.' जंगल जिम अजून उभी आहे. गंज वाढलाय, पण आता तिला काढायला कुणी धजत नाही.

या साखळ्यांना मोठी परंपरा आहे, हेही नानांनीच सांगितलेलं. फ्रिगेश कारिन्थी नावाच्या एका हंगेरियन लेखकाने, तोही विनोदीच, १९२९ साली एका कथेत पैज मांडली: जगातल्या कुठल्याही माणसापर्यंत पाच ओळखींच्या आत पोचता येतं. पुढे १९६० च्या दशकात स्टॅन्ली मिलग्रॅम या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेत पाकिटं ओळखीओळखीतून पाठवून त्याची परीक्षा घेतली. सरासरी पाच-सहा हातांत पाकीट पोचलं, म्हणून जगभर डांगोरा पिटला गेला. बरीचशी पाकिटं मुळात पोचलीच नाहीत, याचा उल्लेख सहसा होत नाही. नानांच्या बाबतीतही हे लक्षात ठेवलेलं बरं. जगातल्या कुठल्याही गोष्टीवरून त्यांना कुठलीही गोष्ट आठवते, पण गॅस संपल्यावर आठवावा लागतो तो सिलिंडर बुक करायचा नंबर कशावरूनही आठवत नाही. तिथे काकूच लागतात.

आणि खरं सांगायचं तर या विद्येत घरात काकूच थोर आहेत. हे आपल्याकडे पिढ्यानपिढ्या चालत आलेलं आहे, फक्त त्याला ज्ञान म्हणायची पद्धत नाही. लग्नाच्या हॉलमध्ये शेजारी अनोळखी बाई येऊन बसते, "तुम्ही मुलीकडच्या का?" एवढ्यावर सुरुवात होते, आणि वरण-भात वाढून होईपर्यंत तिची आत्या आपल्या जावेच्या माहेरच्या आळीत राहायची असं सिद्ध झालेलं असतं. काकू सनावळ्यांच्या भानगडीत पडत नाहीत. माहेर, आडनाव, गाव, एवढ्यात काम भागतं, आणि सांधा दर वेळी रक्ताचा.

मागच्या मोसमात एका लग्नाच्या पंगतीत मी या दोघांच्या मधोमध सापडलो. नानांसमोर वर्धा जिल्ह्याकडचे एक गृहस्थ बसले होते, काकूंसमोर त्यांच्या मंडळी. नाना आनंदाने पुढे झुकले. "हिंगणघाट माहीत असेल! लॅम्बटनचं थडगं!"

"थडगं काही पाहिलं नाही," गृहस्थ म्हणाले. "कापसासाठी येणं-जाणं असतं."

"कापूस!" नाना म्हणाले. मठ्ठ्याचा पेला त्यांनी बाजूला सारला. हिंगणघाटचा कापूस. १८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध, तिकडचा कापूस बंद, लँकेशायरच्या गिरण्या ओरडायला लागल्या आणि मुंबईत सोन्याचा पाऊस पडला. त्या पावसातला राजा प्रेमचंद रायचंद. त्याने विद्यापीठाला मनोरा बांधून दिला, नाव दिलं आईचं, राजाबाई. मनोऱ्याचा नकाशा काढणारा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट मुंबईत कधी आलाच नाही. पण त्याचा नातू जाइल्स स्कॉट...

गृहस्थ जिलबी मोडायची थांबले होते. नानांनी आवाज चढवला. "लंडनचा तो लाल टेलिफोनचा डबा असतो ना, सिनेमात दिसतो तो, तो त्या नातवाने केला! म्हणजे नात्याने बघितलं तर तो डबा आणि आपला राजाबाई टॉवर एका घरचे. टॉवर आजोबांचा, डबा नातवाचा. आणि दोन्ही उभे कशाच्या जोरावर? हिंगणघाटच्या..."

"अहो, नातू राहू द्या," काकू माझ्या पाठीमागून त्यांच्या दंडाला हात लावत म्हणाल्या. एवढ्यात त्यांनी समोरच्या बाईंच्या मुलीचं शिक्षण, उंची, पगार आणि मोबाइल नंबर मिळवला होता, आणि त्या बाई काकूंच्या थोरल्या वन्संच्या चुलत सासरच्या निघाल्या होत्या. "आपल्या भाच्याची नाडी कुठली, मध्य की अंत्य? तेवढं आठवा पटकन. त्या थांबल्यात."