उताराचे अर्थशास्त्र

पिंपळगावचे टोमॅटो वाशीला नेणाऱ्या पिकअपवाल्यांचा भौतिकशास्त्राने जाहीर सत्कार करावा. दीड टनाच्या गाडीत अडीच टन माल, टायर गोटा झालेले (घर्षण कमी!), हवा लाथ मारून तपासलेली आणि कसारा घाट लागला की न्यूट्रल. उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवून पाय काढला, तर नवी इंजिने डिझेल आपोआप तोडतात, वर ब्रेकला हातभारही लावतात. पण ही झाली पुस्तकी अफवा. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंच. म्हणजे मुंबई हा निव्वळ उतारच; मुळात डिझेल भरायचेच कशाला? परवा एकाने हा सिद्धांत पूर्णत्वास नेला. परतीचा घाट तो थेंबभर डिझेल न जाळता चढला. क्रेनला टांगून. अ‍ॅव्हरेज विचारले, तर म्हणाला, "क्रेनवाल्या दादांना विचारा."