छत्तीस नंबरचा फॉल्ट

टेलिफोन खात्यात माझी नोकरी फॉल्ट शोधण्याची होती. पावसाळ्यात रस्त्याखालच्या केबलमध्ये पाणी शिरलं, की अर्ध्या वॉर्डाचे फोन खरखरायला लागत. मग आम्ही पिलरपाशी छत्री धरून मीटर लावायचो आणि 'इथून एकशे चाळीस मीटरवर खणा' असं ठणकावून सांगायचो. खणलं की फॉल्ट तिथेच निघायचा. माझ्या आठवणीत तरी तिथेच निघायचा; खणणाऱ्यांच्या आठवणी वेगळ्या असू शकतील. सांगायचा मुद्दा असा, की ज्या तोंडात सगळी मिळून बत्तीस कनेक्शनं, त्यातली चार आधीच सरेंडर झालेली, त्या तोंडातला फॉल्ट अशा माणसाला बसल्या जागी सापडायला हवा होता.

कळ यायची ती डाव्या बाजूला. सुरुवातीला माठातलं पाणी प्यायलं की यायची आणि लगेच जायची. पुढे चहानेही येऊ लागली, आणि आली की मुक्काम ठोकायची. रात्री आडवं झालं की ठणका दुप्पट. याचं कारण मला नंतर कळलं. दाढेच्या आत नस आणि रक्तवाहिन्या एका बंद खोलीत असतात. ती नस सुजली की तिला फुगायला जागा नसते, आणि आपण आडवे झालो की डोक्याकडचा रक्ताचा दाब वाढतो. तेव्हा हे काही ठाऊक नव्हतं. मी आपला आरामखुर्चीत गालाला हात लावून बसायचो. आतल्या खोलीतून बायकोचा आवाज यायचा, "अहो, डॉक्टरकडे कधी जाताय?"

"आधी फॉल्ट लोकेट होऊ दे," मी म्हणायचो.

एका रविवारी रीतसर टेस्टिंग केलं. आरसा, बॅटरी आणि चमच्याचा दांडा. एकेका दातावर टिचकी मारत गेलो. टिचक्या मारून मारून सगळीच बाजू ठणकायला लागली, तेव्हा मी निष्कर्ष काढला: वरची, शेवटून दुसरी. कालनिर्णयच्या त्या तारखेच्या चौकटीत तसं लिहूनही ठेवलं.

मग लवंगेचं तेल आलं. लवंगेला हसण्याचं कारण नाही. तिच्यातलं युजेनॉल नस खरोखर बधिर करतं, आणि दातांचे डॉक्टरही झिंक ऑक्साइडबरोबर कालवून ते वापरत आलेले आहेत. फक्त तेल दुखऱ्या दाढेवर घालावं लागतं, आणि थेंबभर घालावं लागतं. मी वरच्या, शेवटून दुसऱ्या दाढेला कापसाचे बोळेच्या बोळे चोपडले. हिरडी पांढरी फटक पडली. बायकोने बॅटरी मारून पाहिलं आणि म्हणाली, "भाजलंय." मी म्हटलं, "लागू पडतंय."

साताऱ्याहून आत्याचा फोन आला. तिचा उपाय भुईरिंगणीच्या बियांच्या धुरीचा. बिया निखाऱ्यावर टाकायच्या, नळीने धूर दाढेवर घ्यायचा, की कीड पटापट खालच्या पाण्यात पडते. लहानपणी कराडच्या बाजारात मी हा प्रकार डोळ्यांनी पाहिलेला आहे. पाण्यात पांढरं पांढरं काहीतरी तरंगायचं आणि बघणारे 'अरे बापरे' म्हणायचे. ते बहुधा बियांमधलंच असतं. पिएर फोशार नावाच्या फ्रेंच दंतवैद्याने १७२८ साली आपल्या ग्रंथात लिहून ठेवलं, की सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनही आपल्याला दातात किडे काही सापडले नाहीत. पण फोशार आत्याला भेटलेला नाही. मी बिया शोधायला निघालोच होतो, पण डोंबिवलीत त्या मिळाल्या नाहीत, एवढ्यावर निभावलं.

आणि एका सकाळी उठलो तो दुखणं गायब. गार पाणी प्यायलो: काही नाही. कढत चहा: काही नाही. दुपारी मुद्दाम शेंगदाण्याची चिक्की आणून डाव्या बाजूने फोडली. संध्याकाळी ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर मी लवंगेच्या तेलावर बोललो. पुढेही बोलत राहिलो. एकाचा गुडघा दुखत होता, त्यालाही मी लवंग सुचवल्याचं तो अजून सांगतो.

ज्या माणसाने आयुष्यभर टेलिफोन सांभाळले, त्याला एक गोष्ट तरी कळायला हवी होती. खरखरणाऱ्या लाइनची तक्रार येते. डेड लाइनची येत नाही, कारण तक्रारीसाठी १९८ फिरवायलासुद्धा डायल टोन लागतो.

पुतणीच्या साखरपुड्याच्या सकाळी डावा गाल वर आला. आधी मला वाटलं उशीची वळी उठली असेल. हॉलवर पोहोचेपर्यंत डोळा बारीक झाला होता. गुरुजींनी नाव-गोत्र विचारलं तेव्हा मी जे उत्तर दिलं, त्यावरून आमचं गोत्रच बदललं असावं. कुटुंबाच्या फोटोला उभे राहिलो, तर फोटोग्राफर कॅमेऱ्यामागून अदबीने म्हणाला, "काका, फोटोपुरती तेवढी गालातली सुपारी काढता का?"

रात्री ताप भरला. कपाटात सुनेच्या घशाच्या वेळच्या अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या शिल्लक होत्या, त्या घेतल्या. दोन गोळ्यांनी जंतू मरत नाहीत, सावध मात्र होतात, हे मला दुसऱ्या दिवशी खुर्चीत आडवं करून सांगण्यात आलं.

डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाच्या. "काका, मोठा आ करा." मी आ करण्याआधी माझा रिपोर्ट सादर केला: वरची, शेवटून दुसरी. त्यांनी 'हो' म्हटलं आणि आरशाच्या दांड्याने वरच्या दाढेवर टिचकी मारली. काही नाही. शेजारच्या दाढांवर मारली. काही नाही. मग खालच्या एका दाढेवर हलकीच मारली आणि मी खुर्चीतून उठून उभा राहिलो.

"थ्री सिक्स," त्या मदतनीस मुलीला म्हणाल्या.

तोंडाचे चार भाग पाडतात. खालचा डावा भाग तिसरा, आणि मधोमध असलेल्या दातापासून मोजत गेलं की ही दाढ सहावी, म्हणून छत्तीस. माझा आणि तिचा आकडा तर जमलाच होता, पण तो तिच्या नावातच असेल अशी कल्पना नव्हती.

त्यांनी बर्फासारखं गार काहीतरी त्या दाढेला लावलं. मला जाणवलं नाही. शेजारच्या दाढेला लावलं तेव्हा कळ आली. मग एक्स-रे. मुळाच्या टोकाशी, हाडात, शेंगदाण्याएवढी काळी सावली. वरच्या आणि खालच्या दाढांच्या नसा पुढे एकाच मोठ्या नसेला मिळतात, त्यामुळे तक्रार खालून आली की वरून आली याचा मेंदूचाच घोटाळा होतो, हे त्यांनी समजावलं. म्हणजे लवंगेचं तेल मी निर्दोष दाढेला पाजत होतो.

"मध्ये दुखायचं आपोआप थांबलं होतं का, काका?"

"आपोआप नाही. लवंगेने."

"नस मेली तेव्हा थांबलं असणार. त्यानंतर पू आत साठत गेला." त्या हसल्या नाहीत. मदतनीस मुलगी मात्र काहीतरी आणायला घाईने आत गेली.

त्यांनी पूला वाट करून दिली. ते वर्णन इथे नको. एवढंच सांगतो, की मला एकदम आख्खं डोकं परत मिळाल्यासारखं वाटलं. अमॉक्सिसिलिन आणि मेट्रोनिडाझोल लिहून दिलं, दुसऱ्या गोळीवर मद्य बिलकुल चालणार नाही असं बायकोकडे बघून सांगितलं, आणि म्हणाल्या, "सूज उतरली की ठरवा. रूट कॅनॉल करून वाचवायची, की काढायची."

ठरवा! सरकारी नोकरीत माणसाला सगळं शिकवतात, हे एक सोडून.

घरी बैठक बसली. मेहुणे म्हणाले, "काढून टाका. ना रहे बांस." मुलगा व्हिडिओ कॉलवर पुण्याहून म्हणाला, "बाबा, काढा आणि इम्प्लांट करा," आणि त्याने माहिती पाठवली. ब्रोनमार्क नावाच्या स्वीडिश शास्त्रज्ञाने १९५२ मध्ये सशाच्या हाडात टायटॅनियमचं उपकरण बसवलं आणि ते नंतर निघेचना, हाड त्याला घट्ट धरून बसलं. त्यातून पुढे १९६५ साली पहिल्या माणसाला असे दात बसवले. मला सशाचं वाईट वाटलं. शेजारच्यांनी सीएसएमटीजवळच्या सरकारी दंत महाविद्यालयात जायला सुचवलं, तिथे स्वस्तात होतं. खर्च कमी, पण सकाळची लोकल आणि सुजलेला गाल एका डब्यात मावले नसते.

मी विजेच्या बिलाच्या पाठीवर हिशोब मांडला. काढायला हजार-दीड हजार. रूट कॅनॉल आणि वरची कॅप मिळून बारा हजार. ही दाढ सहाव्या वर्षी येते, मी आता चौसष्टचा; म्हणजे तिची अठ्ठावन्न वर्षं सेवा झाली. निवृत्तीचं वय तेवढंच धरलं, तर आता तिला काढणं नियमाला धरून होतं. उलट मी ऐंशीपर्यंत जगलो तर वर्षाला साडेसातशे, म्हणजे दिवसाला दोन रुपये पडणार, परवडलं. पण सहासष्टाव्या वर्षीच आटोपलो तर वर्षाला सहा हजार. हे जरा जास्त होत होतं. मी मोठ्याने आकडेमोड करत होतो. बायकोने कुकर उतरवला आणि विचारलं, "अहो, हा दाढेचा हिशोब चाललाय की माझा?"

खरं कारण हिशोबात कुठेच नव्हतं. रूट कॅनॉलला बरेचदा जावं लागतं असं ऐकलं होतं, आणि काढायला पक्कड लागते हे माहीत होतं. म्हणून मी तिसरा पर्याय स्वीकारला: प्रकरण विचाराधीन. सूज उतरल्यामुळे विचाराला भरपूर वेळ होता, आणि मी लवंगेकडे पुन्हा बघूही लागलो होतो. बायकोने परस्पर अपॉइंटमेंट घेतली.

डॉक्टरांनी वाद घातला नाही. हातात आरसा दिला आणि म्हणाल्या, "उजवीकडे बघा. इथली दाढ काढली होती ना?" काढली होती, नोकरीत असताना, कारण तेव्हा रजा एकाच दिवसाची मिळाली होती. "बघा, मोकळ्या जागेत मागची दाढ कशी आडवी झालीय. आणि वरची, समोर कोणी नाही म्हणून खाली उतरलीय. तुम्ही इतकी वर्षं चावताय ते फक्त डावीकडे." मी आरशात पाहिलं. उजवीकडची रांग पार बिघडली होती, आणि इतकी वर्षं मला पत्ता नव्हता. डावी छत्तीस गेली असती, तर चिक्की मी कशाने फोडणार होतो? ब्रिज बसवायचा तर शेजारच्या दोन धडधाकट दाढा घासाव्या लागणार होत्या. विचाराधीन प्रकरण तिथल्या तिथे मंजूर झालं.

इंजेक्शन दिल्यावर अर्धा ओठ आणि अर्धी जीभ परक्याची झाली. दाढेभोवती रबराचा पडदा ताणून बसवला, म्हणजे लाळेतले जंतू आत जाऊ नयेत. मग एक बारीक आकडा ओठाला अडकवला, त्याची वायर एका छोट्या यंत्राला, आणि यंत्राची दुसरी वायर दाढेच्या नळीत सरकवलेल्या सुईसारख्या फाइलला. फाइल आत जाईल तसं यंत्र टिक टिक करायला लागलं. विजेच्या अडथळ्यावरून मुळाचं टोक किती लांब आहे ते मोजत होतं! आम्ही व्हीटस्टन ब्रिज लावून रस्त्याखाली हेच करायचो! माझ्याच्याने राहवेना. मी रबरामागून "व्हीटस्टन ब्रिज" म्हणालो. ते "ई-ऑन-ई" असं काहीतरी ऐकू गेलं. म्हणून कौतुकाने हात वर केला.

हात वर करणे ही दुखत असल्याची ठरलेली खूण होती. यंत्र बंद झालं. "सॉरी हं काका," डॉक्टर म्हणाल्या आणि आणखी एक इंजेक्शन दिलं.

शेवटच्या वेळी साफ केलेल्या नळ्या त्यांनी गुलाबी रंगाच्या बारीक काड्यांनी भरल्या. विचारलं तर म्हणाल्या, गटापर्चा. आता मात्र मी उठूनच बसलो. मलायाकडच्या झाडाचा चीक! १८७० साली मुंबईहून एडनमार्गे सुएझला समुद्राखालून तारेची केबल गेली, तिच्या तांब्याला खाऱ्या पाण्यापासून वाचवणारं वेष्टन याच गटापर्चाचं होतं. ज्या मालावर आमचं खातं उभं राहिलं, तो माझ्या दाढेत भरला जात होता! हे सगळं मी मदतनीस मुलीला अर्ध्या ओठाने, रुमालाने हनुवटी टिपत सविस्तर सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "काका, दोन तास काही खाऊ नका."

राहिली कॅप. साधी धातूची घ्यावी असं माझं मत होतं. दिवसाला दोन रुपयांत तेवढंच बसत होतं. पण बायको सोबत आली होती, त्यामुळे दातांच्या रंगाची होईल असं ठरलं. डॉक्टरांनी नमुन्यांची पट्टी काढली. सोळा छटांचे सोळा दात ओळीने. त्यातला एक माझ्या दातांना लावून त्या म्हणाल्या, "ए-टू चालेल. तशी मागचीच दाढ आहे, फारशी दिसणार नाही."

"दिसते हो. हे हसले की सगळं दिसतं," बायको म्हणाली. "आणि हा फारच पांढरा होतो."

ए-थ्री लावून पाहिला. तिने मला खिडकीच्या उजेडात नेलं आणि बोटाने ओठ वर उचलून धरला. बाहेर नंबर लावून बसलेले दोघं-तिघं मान लांब करून बघू लागले. ए-थ्रीही तिला पटला नाही. मी तोंड उघडं ठेवून उभा होतो. माझी मतं विचारायची पद्धत एव्हाना बंदच झाली होती. चहाचा विषय निघाला. दिवसाला किती कप, त्याचा खरा आकडा तिने सांगितला. डॉक्टर पट्टीवरून पुढे पुढे सरकत गेल्या. शेवटचा नमुना लावला तेव्हा बायको जरा मागे झाली, डोळे बारीक करून तिने पाहिलं.

"हा जवळपास आहे," ती म्हणाली. "यात अजून थोडा गडद नाही येत?"

"नाही हो काकू," डॉक्टर म्हणाल्या. "याच्यापुढे कंपनी बनवतच नाही."