यती नेहमीच सापडतो

यती सापडत नाही असं कोण म्हणतं? तो दरवेळी सापडतो, फक्त निघतो भलताच कुणीतरी. १९६० साली एडमंड हिलरींनी खुमजुंगच्या मठातली त्याच्या टाळूची केसाळ कातडी परतीच्या बोलीवर शिकागो, पॅरिस, लंडनला फिरवून आणली, सोबत राखणीला गावचा एक जाणता. निदान झालं सेरो! म्हणजे हिमालयातल्या रानबोकडाचं कातडं, साच्यावर बसवलेलं. पांगबोचेच्या मठातलं ‘यतीचं’ बोट २०११ मध्ये माणसाचं ठरलं. २०१७ ला यतीचे म्हणून जपलेल्या नऊ नमुन्यांचा डीएनए तपासला, तर आठ अस्वलं आणि एक कुत्रा. (त्या कुत्र्याचं मला कौतुक वाटतं.) तरी २०१९ मध्ये आपल्या लष्कराने मकालूजवळच्या ३२ बाय १५ इंची ‘यतीच्या’ पाऊलखुणांचे फोटो ट्विट केलेच. चला, निदान चपलेचं माप तरी मिळालं.