जगबुडी आणि बारीक अक्षर

केफ्का नावाचा एक विदूषक आहे. रंगवलेला चेहरा, अंगात भडक झगा आणि हसू असं, की ऐकणाऱ्याच्या दातांत कळ यावी. वाळवंटातून फिगारोच्या किल्ल्याकडे जाताना तो मध्येच थांबतो आणि बरोबरच्या शिपायांना फर्मावतो, माझ्या बुटांवरची वाळू झटका. शिपाई निमूटपणे वाकून झटकतात. पुढं हाच गृहस्थ सगळं जग मोडून टाकतो. जमिनीची शकलं होतात, गावं ओस पडतात, आभाळाचा रंग उतरतो. ‘फायनल फँटसी ६’ हा जपानी खेळ २ एप्रिल १९९४ रोजी सुपर फॅमिकॉम या खेळयंत्रावर आला, तेव्हापासून हे असंच चाललंय: अर्ध्या वाटेवर जगबुडी ठरलेली, आणि नायकांना ती काही केल्या थांबवता येत नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याची नव्यानं उजळलेली आवृत्ती आली, ‘पिक्सेल रीमास्टर’. जुनी माणसं धावत गेली, बुडणारं जग पुन्हा एकदा डोळे भरून पाहिलं, आणि मग त्यांनी एकमुखानं तक्रार केली की अक्षरं फार बारीक आहेत.

तक्रार रास्त होती. जुन्या खेळातलं इंग्रजी अक्षर ठेंगणं, रुंद, निळ्या चौकटीत मांडी ठोकून बसलेलं. नवं अक्षर सडपातळ, अंग चोरून उभं, एखाद्या कार्यालयातून चुकून इथं बदली झाल्यासारखं. मालिकेचे पहिले तीन भाग जुलै २०२१ मध्ये या रूपात आले तेव्हापासूनच हे रडगाणं सुरू झालं होतं. राहवलं नाही त्यांनी संगणकावर खेळाच्या फायलींत हात घालून फॉन्ट स्वतःच बदलून टाकला. अखेर एप्रिल २०२३ मध्ये स्विच आणि प्लेस्टेशनवर हे खेळ आले, तेव्हा कंपनीनं जुन्या वळणाचं अक्षर निवडायची सोय करून दिली. आता हिशेब मांडायचा तर १९९४ साली बारा वर्षांचं असलेलं पोर २०२२ मध्ये चाळिशीत पोहोचलेलं. या साऱ्या प्रकरणात फॉन्टचा दोष किती आणि चाळिशीचा किती, हे कुणी तपासून पाहिलेलं नाही.

पण माणूस इतक्या क्षुल्लक गोष्टीला का अडून बसतो, हे या खेळातली माणसं जवळून पाहिल्याशिवाय कळायचं नाही. १६ ठिपके रुंद, २४ ठिपके उंच, एवढाच त्यांचा देह. डोळे म्हणजे दोन-चार ठिपक्यांचा कारभार, ओठांना तर जागाच नाही. एवढ्या भांडवलावर त्यांनी संसार करायचा, राज्यं गमवायची, प्रेमात पडायचं. मान खाली गेली की दुःख झालं म्हणायचं. दोन्ही हात वर गेले की आनंद. पाठ फिरवली तर राग की रडू, ते पाहणाऱ्यानं आपल्या स्वभावाप्रमाणं ठरवावं. २०१४ साली फोनसाठी आवृत्ती काढताना कुणीतरी या माणसांच्या कडा घासून त्यांना गुळगुळीत करून टाकलं, आणि त्यांच्या चेहऱ्यांवर जे पूर्वी मुळी नव्हतंच ते स्पष्ट दिसायला लागलं. लोक खवळले. म्हणून पुढच्या वेळी शिबुया काझुको यांनाच हाक मारली गेली. पहिल्या भागापासून या मालिकेतले ठिपके ज्यांनी मांडले, त्या बाई. आपल्याच हातची बाहुली तीस-पस्तीस वर्षांनी पुन्हा मांडायला बसताना हाताला काय वाटत असेल, कोण जाणे. ठिपके पुन्हा ठिपक्यांसारखे दिसू लागले, एवढं मात्र खरं.

तरी समाधान नाहीच. कारण ते ठिपके मुळात ज्या पडद्यावर राहायचे तो पडदाच आता नाही. काचेच्या नळीच्या टीव्हीवर शेजारशेजारचे रंग कडेनं पाझरत एकमेकांत मिसळायचे, आणि चित्रकार तो पाझर हिशेबात धरूनच रंग ठेवायचे. आजच्या सपाट पडद्यावर प्रत्येक ठिपका सोवळ्यात, शेजाऱ्याला न शिवता उभा. तेव्हा २०२३ च्या आवृत्तीत आणखी एक सोय आली: जुन्या टीव्हीसारखं चित्र दाखवणारा फिल्टर. म्हणजे आपल्या आईवडिलांच्या पिढीनं टीव्हीच्या डोक्यावर थापट्या मारून जो दोष घालवायचा प्रयत्न केला, तोच हुशार इंजिनिअरांनी लाखो ठिपक्यांच्या झकास पडद्यावर मन लावून परत उभा केला.

आपल्याकडची गंमत याहून पुढची. त्या काळी पुण्यामुंबईच्या घरांत सुपर फॅमिकॉम औषधालाही सापडणं कठीण. आपल्या घरी होता तो नकली डबा, त्याच्या रंगीत कॅसेटी, मारिओ, काँट्रा, बदकं टिपायची बंदूक, आणि कॅसेटच्या कागदावर हजारो खेळांची थाप असून आत तेच ते फिरून फिरून येणारे मोजके खेळ. ‘फायनल फँटसी ६’ आपल्यातल्या बहुतेकांना भेटला तो नंतर, संगणकावर एम्युलेटर टाकून, कीबोर्डची बटणं बडवत. तरी नव्या फॉन्टवर बोलताना मराठी माणसाचा स्वर असा लागतो, जणू १९९४ च्या एप्रिलात तो तोक्योच्या दुकानाबाहेर पहाटेपासून रांगेत होता. आठवण उसनी, पण जिव्हाळा पदरचा. मला त्यात काही वावगं वाटत नाही. पानिपतावर आपण असंच बोलतो.

हळहळ फक्त चांगल्या गोष्टींची असती तर समजण्यासारखं होतं. इथं लोकांना चुकाही हव्या आहेत. मूळ खेळात वार चुकवण्याची चपळाई मोजणारा एक आकडा होता. तो वाढावा म्हणून खेळाडू निगुतीनं ढाली निवडत, कपडे बदलत, सोनंनाणं खर्चत. प्रोग्रॅममधल्या एका घोटाळ्यामुळं तो आकडा कुठंच वापरला जात नव्हता. त्याच घोटाळ्यापायी आंधळेपणाचा शापही फुकट जायचा. शाप लागलेल्या योद्ध्याच्या डोळ्यांवर काळा चष्मा यायचा, आणि तो चष्मा लावून तो अगदी पूर्वीइतकाच अचूक वार करायचा. या शापापासून वाचवणारा एक खास चष्माही होता. न होणाऱ्या रोगावरचं ते औषध लोकांनी श्रद्धेनं अंगावर बाळगलं. दुसरी एक युक्ती तर सर्वतोमुखी होती: शत्रूला आधी मंत्रानं अदृश्य करायचं आणि मग मृत्यूचा मंत्र टाकायचा, की भले भले राक्षस एका फुंकरीत गार. पुढच्या आवृत्त्यांत हे सगळं दुरुस्त झालं. चपळाई कामाला लागली, आंधळे खरोखरच आंधळे झाले, राक्षसांना न्याय मिळाला. आणि ‘तेव्हाची मजा गेली’ म्हणणारे लगेच उभे राहिले.

सगळ्यात रंगलेला वाद गाण्याचा. खेळाच्या मध्यावर एक ऑपेरा आहे. सेट्झर नावाच्या जुगाऱ्याकडे हवेत उडणारं जहाज आहे, आणि मारिया या गायिकेला भर रंगमंचावरून पळवून नेण्याचा त्याचा बेत आहे. मारियासारखी दिसते म्हणून सेलीस या माजी सेनापतीला तिच्या जागी उभं करतात. खेळाडूनं आत जाऊन संहिता वाचायची, ओळी पाठ करायच्या आणि रंगमंचावर योग्य ती ओळ निवडायची. वर माळ्यावर एक ऑक्टोपस तिच्या डोक्यावर भलंमोठं वजन टाकायला टपलेला. पण वजन त्याच्या अंदाजापेक्षा जड निघतं आणि ढकलायला पाच मिनिटं लागणार असतात, म्हणून आपल्याला त्याला गाठायला तेवढीच सवड. असल्या पोरकट बनावात उएमात्सु नोबुओ यांनी एक विलक्षण हळवी चाल ठेवून दिली. यंत्राकडे आवाजासाठी ६४ किलोबाइटची जागा आणि एका वेळी आठ सूर, त्यांतून माणसाचा गळा निघणं शक्य नव्हतं. निघाला तो ‘आ’ आणि ‘ऊ’ यांच्या मधला एक कापरा हुंकार, आणि पडद्यावर शब्द. बाकीचं गाणं खेळाडूनं मनात म्हटलं.

नव्या आवृत्तीत ते खरोखरच्या गायिकांनी गायलं आहे, तेही सात भाषांत. मराठी त्यांत नाही, हे सांगायला नकोच. ऐकून कित्येकांचे डोळे भरून आले, आणि कित्येकांच्या कपाळाला आठ्या पडल्या. संगीत नाटकाच्या पहिल्या रांगेतले ते आजोबा आठवतात ना, जे नटीच्या आधी अर्धी मात्रा पद गुणगुणत असतात आणि तिची तान त्यांच्या मनातल्या वळणानं गेली नाही की मान हलायची थांबते? तेच हे. पण आठ्या पाडणाऱ्यांच्या बाजूनं एक मुद्दा मला खरंच पटतो. सेलीस गायिका नाही, ती तलवार चालवणारी बाई आहे. तिला गाता येतं की नाही, हे मूळ खेळात त्या हुंकारामुळं झाकलेलं राहायचं. ती भीत भीत गातेय, कदाचित किंचित बेसूर, पण लोकांना चालून जातंय, असं मानायला जागा होती. कसलेल्या गळ्यानं ती जागा व्यापून टाकली. गाणं सुंदर झालं, सेलीस मात्र जरा बाजूला सरकली.

हे सगळे तंटे कंपनीनं शेवटी बटणांवर सोडले. अक्षर जुनं की नवं, संगीत जुनं की नवं, अनुभवाचे गुण चौपट, पावलोपावली आडवे येणारे राक्षस हवेत की नकोत. ज्याला ऑफिस, कर्जाचे हप्ते आणि दहावीतली मुलगी आहे, त्यानं राक्षस बंद करून एका शनिवार-रविवारात जग वाचवावं. मला ही तोड योग्य वाटते. आता भांडण होतं ते कुठली बटणं दाबली म्हणजे ‘खरा’ खेळ होतो यावर, पण ते होऊ द्यावं. २००६ च्या आवृत्तीत जी जादा भुयारं आणि जादा राक्षस होते ते इथं का गाळले, यावरही होऊ द्यावं.

बटण नसलेल्या जागा मात्र दोन उरल्या आहेत, आणि त्यांच्याबद्दल कुणी तक्रार केल्याचं मी ऐकलं नाही. जग बुडाल्यावर सेलीस एका ओसाड बेटावर जागी होते. तिथं सिड नावाचा एक आजारी माणूस आहे. त्याला मासे धरून आणून खायला घालायचे. सुस्त मासे वाईट, सळसळत पळणारे चांगले. हे खेळ सांगत नाही. हाताला लागतील ते मासे घातले की सिड मरतो, कथा तशीच पुढं जाते, आणि वर्षानुवर्षं कित्येकांना तो जगू शकतो हेच ठाऊक नव्हतं. दुसरी जागा त्याच्या थोडी आधीची. तरंगता खंड कोसळतोय, पडद्यावर घड्याळ उलटं धावतंय, कडेला येऊन आपण जहाजात उडी घेणार. मागं शॅडो नावाचा भाडोत्री मारेकरी राहिलाय, आपल्याला वाट मोकळी करून देताना. उडी मारायची की थांबायचं, एवढंच खेळ विचारतो. घाबरून उडी मारलीत तर तो पुढं कधीच भेटत नाही.

तेव्हा हा खेळ नव्यानं घेणार असाल तर अक्षर तुमच्या डोळ्यांना झेपेल ते ठेवा, गाणं कानाला रुचेल ते लावा, राक्षस खुशाल बंद करा. सिडला पळणारे मासे घाला. आणि त्या कड्यावर उडी मारू नका, थांबा. घड्याळात जेमतेम पाच सेकंद उरली की शॅडो येतो.