मसुद्याला बहर

सह्याद्रीत कारवी सात वर्षांतून एकदा फुलते. आळशी झुडूप! तिच्या शेजारचं दुसरं झाड बघा: पश्चिम घाट संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेचा मसुदा. मार्च 2014 ते जुलै 2024 या काळात त्याला सहा वेळा बहर आला. फळ एकदाही धरलं नाही. पण निसर्गप्रेमींनी इतकं हावरट असू नये.

मुळात घाटाची प्रकृती आपण समजतो तेवढी तोळामासा नाहीच. 2011 मध्ये माधव गाडगीळ समितीने अख्खा घाट नाजूक ठरवला. 2013 मध्ये कस्तुरीरंगन समितीने नाडी पाहिली, तर नाजूक निघाला फक्त 37 टक्के. दोन वर्षांत 63 टक्के डोंगर ठणठणीत, तेही औषधपाण्याशिवाय! उरलेल्या भागात तरी खाणी आणि वाळूउपसा बंद करा, असं मसुदा म्हणतो. म्हणू दे बापडा.

घाटात जाताना पाटी दिसते: ‘निसर्गाच्या कुशीत एन.ए. प्लॉट’. कुशीत जेसीबी घातलेला, तांबडी माती उघडी, वरच्या आंब्याची मुळं हवेत लोंबताहेत. एजंटला संवेदनशील क्षेत्राचं विचारा. तो हसतो. “साहेब, मसुदाच आहे ना? टोकन देऊन टाका.”

डोंगर मात्र अडाणी, तो हरकती-सूचनांची मुदत पाळत नाही. 30 जुलै 2014 ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाडलं गेलं. सकाळी एसटी घेऊन गेलेल्या चालकाला गावच दिसेना. दीडशेच्या वर माणसं गेली. मग 2021 मध्ये तळिये, 2023 मध्ये इर्शाळवाडी. दर वेळी खापर पावसावर. पाऊस धुवांधार होता, खोटं नाही. पण सपाटीसाठी कापलेला, झाडं गेलेला उतार त्या पाण्यात उभा तरी कशाच्या जोरावर राहील? 30 जुलै 2024 ला, माळीणच्या दहाव्या स्मृतिदिनी, केरळात वायनाडचा डोंगर खाली आला. दुसऱ्याच दिवशी केंद्राने सहावा मसुदा काढला आणि हरकतींसाठी 60 दिवस दिले. माळीणकरांची हरकत कोण नोंदवणार, हे त्यात नव्हतं.

तेव्हा वाचकहो, प्लॉट बघायला जाल तेव्हा सातबारा नंतर मागा. आधी वर बघा, डोंगर कुठे कापलाय. मग खाली बघा, वाडी कुणाची आहे. आणि टोकनाचे पैसे खिशातच राहू द्या.