फुगा आणि फोडणी

पूर्वी आजारी माणसाला भेटायला येणारे लोक मोसंबी आणत. नंतर शहाळी आली, मग बिस्किटांचे पुडे. हल्ली अँजिओप्लास्टी करून घरी आलेल्या माणसाकडे लोक पुस्तकं घेऊन येतात. मोसंबी बरी होती. ती दोन दिवसांत संपायची, आणि देणारा आठवड्यानं फोन करून ‘कुठवर आलात?’ असं विचारायचा नाही.

आमच्याकडे ही आवक जरा जास्तच झाली, कारण आम्ही कोल्हापूरचे. कोल्हापूरच्या माणसाच्या रक्तवाहिनीत अडथळा सापडला, की उरलेल्या महाराष्ट्राला त्याचं कारण विचारावं लागत नाही. मिसळीचा कट आणि तांबडा रस्सा यांची नावं न घेता घेतली जातात. मी आयुष्यभर मटणापेक्षा भरली वांगीच जास्त खाल्ली, हे कुणी ऐकून घेत नाही. (त्या वांग्यांवर तेलाचा तवंग किती असायचा, हा प्रश्न वेगळा. तो पुढे येणारच आहे.)

सगळ्यांत जास्त प्रती आल्या त्या डॉ. अभय बंग यांच्या ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’च्या. राजहंसनं हे पुस्तक २००० साली काढलं, आणि तेव्हापासून मराठी घरात हृदयविकार पुढच्या दारानं आला की मागच्या दारानं हे पुस्तक येतं. गडचिरोलीत आयुष्य काढलेला, दारूविरुद्ध चळवळ उभी करणारा, गांधी-विनोबांच्या वातावरणात वाढलेला डॉक्टर, आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी झटका त्यालाच येतो! पुस्तक आहारावर, ध्यानावर, धावपळीवर बरंच काही सांगतं आणि प्रामाणिकपणे सांगतं. पण आमच्यासारख्या वाचकाला त्यातून पहिला मिळतो तो दिलासा. यांना होतो, मग आपल्याला झाला त्यात एवढं काय, असं म्हणून आम्ही उशी सरळ करतो. लेखकाला हा परिणाम अपेक्षित नसावा.

या पुस्तकाच्या वाटेनं डीन ऑर्निश या अमेरिकन डॉक्टरांची भेट होते. हृदयविकार नुसता थांबवताच नव्हे तर मागेही फिरवता येतो, असं सांगणारं त्यांचं पुस्तक १९९० सालचं. त्याच वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा प्रयोग छापून आला होता. रुग्ण अवघे ४८. त्यांतल्या २८ जणांना शाकाहार, चालणं, योगासनं, ध्यान आणि गटात बसून मन मोकळं करणं असं सगळं एकदम दिलं. वर्षभरानं पाहिलं तर त्यांच्यातल्या बहुतेकांचे अडथळे थोडे का होईना, कमी झाले होते. आता यातलं नेमकं कशानं काय झालं, हे सांगणं अवघड. आमच्या मॉर्निंग वॉकच्या कट्ट्यानं मात्र गटात बसून मन मोकळं करण्याचा भाग तेवढा निवडला आहे आणि तो निष्ठेनं चालू आहे.

ऑर्निश यांची खरी अट आहे स्निग्धाची. दिवसभराच्या उष्मांकांपैकी फक्त दहा टक्के स्निग्धातून यावेत. दोन हजार उष्मांकांतले दोनशे. स्निग्धाच्या एका ग्रॅमला नऊ उष्मांक, म्हणजे सगळे मिळून साधारण बावीस ग्रॅम. त्यातही गहू, डाळ, दूध यांतलं अंगचं स्निग्ध धरायचं. मी हा हिशेब जेवणाच्या टेबलावर मोठ्यानं वाचून दाखवला. बायको कोशिंबिरीत दाण्याचं कूट घालत होती. मूठभर शेंगदाण्यांत, म्हणजे तीस ग्रॅममध्ये, चौदा-पंधरा ग्रॅम तेल असतं, हेही मी वाचलं. तिनं कुटाचा डबा बंद केला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “अहो, मग उरलेल्या सात ग्रॅममध्ये काय काय बसवायचं ते तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.”

त्याच सुमाराला दिल्लीच्या डॉ. बिमल छाजेड यांचं ‘झीरो ऑइल’ पाककृतींचं पुस्तक एका स्नेह्यानं आणून दिलं. त्यातला विचार स्वच्छ आहे: चव मसाल्याची असते, तेलाची नसते. हे वाक्य लिहायला सोपं आणि कढईला समजवायला कठीण. आमच्याकडे उत्साहाच्या भरात पाण्याची फोडणी झाली. मोहरी पाण्यात तडतडत नाही. ती भिजते, फुगते आणि वाटीच्या कडेला रुसून बसते. कोरड्या कढईत मात्र ती चांगली उडते, जिरंही खमंग भाजलं जातं. अडचण हळद-हिंगाची. त्यांना टेकायला थोडं तरी तेल लागतं, नाहीतर करपतात. शिवाय मसाल्यांचा वास ज्या द्रव्यांत असतो, त्यांतली बरीचशी पाण्यापेक्षा तेलात विरघळतात. म्हणून चमचाभर तेलात केलेली फोडणी भांडंभर आमटीला पुरते. बायकोनं शेवटी तोडगा काढला तो असा: मोहरी-जिरं कोरडं, आणि हळद-हिंगापुरतं एक छोटा चमचा तेल, मोजून. झीरोच्या पुस्तकाला हे मान्य नाही. आमटीला आहे.

पुस्तकं आपापसांत भांडतात, हे मला पूर्वी माहीत नव्हतं. एसेलस्टीन नावाचे अमेरिकन डॉक्टर तेलाचा थेंबही नको म्हणतात. त्यांच्या शेजारी अँसेल आणि मार्गारेट कीज या जोडप्याचं नाव घ्यावं, तर ते ऑलिव्ह तेलाच्या देशात जाऊन राहिलेले. युद्धकाळात सैनिकांच्या शिध्याची आखणी करणारा हा शरीरशास्त्रज्ञ पुढे सात देशांतल्या माणसांचं खाणं आणि त्यांची हृदयं तपासत हिंडला. १९५९ साली दोघांनी मिळून हृदयाला मानवेल अशा खाण्याचं पुस्तक लिहिलं. पाककृतींचा भार अर्थातच मार्गारेटबाईंवर, आणि त्या स्वतः जीवरसायनशास्त्रज्ञ. कीजसाहेबांच्या आकडेमोडीवर पुढे पुष्कळ वाद झाले. पण ते स्वतः शंभर वर्षं जगले, त्यामुळे निदान वाद घालणाऱ्यांना उत्तर द्यायला त्यांना वेळ भरपूर मिळाला. स्पेनमधल्या एका मोठ्या अभ्यासात तर ऑलिव्ह तेल किंवा रोज मूठभर अक्रोड-बदाम खाणाऱ्यांना झटके कमी आले, असं २०१३ साली जाहीर झालं. माणसांची गटांत वाटणी करताना झालेल्या चुकांमुळे तो अहवाल मागे घेऊन २०१८ साली पुन्हा छापावा लागला. निष्कर्ष साधारण तोच राहिला. मात्र ती माणसं धोक्याच्या रेषेवरची होती, त्यांना हृदयविकार झालेला नव्हता. हा फरक भेट देणारे सांगत नाहीत. ते नुसती ऑलिव्ह तेलाची बाटली आणतात आणि तिची किंमत खोडायला विसरतात.

न्यू जर्सीच्या पुतण्यानं अमेरिकन हार्ट असोसिएशनचं जाडजूड कुकबुक पाठवलं. १९७३पासून त्याच्या आवृत्त्या निघतात. “काका, यात सगळं मोजून दिलंय,” असं तो फोनवर म्हणाला आणि ते खरं आहे. प्रत्येक पदार्थाखाली उष्मांक, स्निग्ध, सोडियम, सगळं. पदार्थ मात्र टर्कीचे, ब्रोकोलीचे आणि फॅरनहाइटमध्ये तापलेल्या ओव्हनचे. बायकोनं त्या पुस्तकातून एकही पदार्थ केला नाही, पण त्या आकड्यांनी तिचं डोकं चालू केलं. सोडियमला अडीचनं गुणलं की मीठ, हे तिनं पहिल्या पानावर पेन्सिलीनं लिहून ठेवलं. दिवसाला माणशी पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे सपाट छोटा चमचाभर, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आमच्या घरी हा चमचा दुपारच्या जेवणातच उताणा पडायचा. त्यात ताटातलं मीठ वेगळंच. लोणचं, पापड, संध्याकाळचं फरसाण आणि पाव तर हिशेबात धरायचीही पद्धत नव्हती. मीठ चवीनुसार घाला, असं पाककृतीत छापून आपण हा निर्णय ज्याच्या हाती देतो, ती जीभच तर बिघडलेली असते. तीन-चार आठवडे मीठ कमी ठेवलं की ती जीभ सुधारते. तोवर घरातलं वातावरण थोडं अळणी राहतं.

इथं एक गोष्ट मला खटकू लागली. ही सगळी पुस्तकं मला मिळाली होती. मी स्वयंपाक करत नाही. चहा करतो, आणि त्याबद्दलही मतभेद आहेत. कुकबुक रुग्णाला द्यायचं, त्यानं ते आरामखुर्चीत वाचायचं आणि आतल्या खोलीत सूचना पाठवायच्या, अशी ही व्यवस्था. म्हणजे परीक्षा एकीची आणि गाइड दुसऱ्याच्या हातात.

आणि रुग्ण जर तीच असेल तर? आमच्या नात्यातल्या एका मावशींना दम लागायचा, पाठ आणि जबडा दुखायचा, थकवा तर विचारू नका. घरातल्या सगळ्यांनी मिळून त्याला पित्त ठरवलं. बायकांमध्ये हृदयविकार पुष्कळदा असाच येतो, छातीवर हात दाबून खाली बसण्याचं सिनेमातलं दृश्य न करता. शेवटी निदान झालं, स्टेंट बसला, त्या घरी आल्या. त्यांना भेटायला गेलेल्यांपैकी कुणीही पुस्तक नेलं नाही. मोसंबी नेली. चाळीस वर्षं स्वयंपाक करणाऱ्या बाईला पाककृतीचं पुस्तक काय द्यायचं, असा त्यामागचा सरळ विचार. पंधरवड्यात त्या ओट्याशी उभ्या राहिल्या, घरच्यांसाठी नेहमीचं आणि स्वतःसाठी जमलं तर कमी तेलाचं. जमलं नाही तर सगळ्यांचं उरलेलं. हृदयरोग्यासाठी वेगळी भाजी शिजवणारं घर असतं, पण ती भाजी शिजवणाऱ्या रोग्याचं काय करायचं, यावर मी पाहिलेल्या एकाही पुस्तकात प्रकरण नाही.

म्हणून मला वाटतं की वेगळी भाजी हाच घोटाळा आहे. वेगळी भाजी महिनाभर टिकते. सगळ्यांसाठी एकच आणि थोडी बदललेली भाजी टिकते ती टिकतेच. आमच्या घरात शेवटी उपयोगी पडलं ते हृदयाशी काहीही संबंध नसलेलं पुस्तक. कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’. १९७० सालापासून हे पुस्तक नव्या सुनांच्या हातात वाटी-चमच्याचं प्रमाण ठेवत आलं आहे, आणि जे प्रमाणात लिहिलेलं असतं तेच कमी करता येतं. ‘डावभर’ किंवा ‘हात सैल सोडून’ यातून काय वजा करणार? बायकोनं आमच्या पिवळ्या पडलेल्या प्रतीत तेल असेल तिथं पेन्सिलीनं नवे आकडे घातले. काही पदार्थांपुढे ‘सणाला’ असं लिहिलं. साबुदाणा वड्यापुढे काहीच लिहिलं नाही, ते पान मात्र चिमट्यानं बंद केलं.

दुसरं उपयोगी साहित्य म्हणजे वाण्याची यादी. माणशी महिन्याला अर्धा लिटर तेल, असं आहारतज्ज्ञ ढोबळ माप सांगतात. म्हणजे दिवसाला तीन छोटे चमचे, थोडे वरच. पाच लिटरचा डबा कधी आणला आणि कधी संपला, एवढं कॅलेंडरवर लिहिलं की कुठलंही पुस्तक सांगणार नाही ते कळतं. आमचं कॅलेंडर पहिल्यांदा बोललं तेव्हा घरात कुणी कुणाशी बोललं नाही.

या पुस्तकांचा एक धोकाही आहे. ती वाचून काही जण डॉक्टरांना न विचारता गोळ्या कमी करतात. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन घेणारा उद्यापासून रोज पालक-मेथी म्हणतो आणि गोळीचा परिणाम मंदावतो. मूत्रपिंड नाजूक असलेला पोटॅशियमचं ‘हलकं’ मीठ आणतो. असल्या गोष्टी मुखपृष्ठावर छापल्या पाहिजेत, त्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात असतात.

करमणुकीचं वाचन हवंच. वजन कमी करू पाहणाऱ्या माणसावर सगळी चाळ सल्ले घेऊन कशी तुटून पडते, ते पुलंनी ‘बटाट्याची चाळ’मधल्या ‘उपास’मध्ये लिहून ठेवलं आहे. हृदयरोग्यानं डिस्चार्जच्या दिवशी ते वाचावं, म्हणजे पुढच्या महिन्याची तयारी होते. पुलंचंच ‘माझे खाद्यजीवन’ मात्र रात्री वाचू नये. दुर्गाबाई भागवतांचं ‘खमंग’ही नको. निदान जेवणाआधी तरी नको.

मला स्वतःला सगळ्यांत आवडलेली गोष्ट एका पुस्तकात ओझरती सापडली. अँजिओप्लास्टीचा तो इवलासा फुगा आंद्रेआस ग्रुंटझिग या डॉक्टरांनी झुरिकमध्ये घरच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर तयार केला. संध्याकाळी जेवणं आटोपली की बायको आणि सहकारी यांना घेऊन नळ्या, धागे, डिंक यांचा संसार मांडायचा. १९७७ सालच्या सप्टेंबरात त्यांनी तो पहिल्यांदा जागेपणीच्या माणसाच्या हृदयात नेला. हे मी बायकोला सांगितलं, अगदी भारावून. ती लाटणं फिरवत म्हणाली, “बरं झालं, बिघडवायचं आणि दुरुस्त करायचं एकाच खोलीत आहे म्हणजे. टेबल पुसलं होतं ना त्यांनी नंतर?”

पुस्तकं उसनी न्यायलाही लोक येतात. ‘रुचिरा’ एकदा नेली की परत येत नाही, म्हणून ती आम्ही देत नाही. ‘झीरो ऑइल’ मात्र कुणीही नेतं आणि अत्यंत प्रामाणिकपणे आठवड्याच्या आत परत आणतं. परवा शेजारच्या वहिनी ते परत घेऊन आल्या, सोबत स्टीलचा भरलेला डबा. उघडला तर कडबोळी, नुकतीच तळलेली, अजून कोमट.

“यातलं पाहून केलीत?” मी आशेनं विचारलं.

“छे हो,” वहिनी म्हणाल्या, “तुमचं पुस्तक रिकाम्या हातानं कसं परत करायचं?”