अंधाराचे उपकार

कळसूबाई १६४६ मीटर उंच, महाराष्ट्रात याहून उंच शिखर नाही. तरीही तिथे जायला शनिवारी रात्री कसाऱ्याला लोकलमधून उतरणाऱ्या घोळक्यात अशी माणसं हमखास असतात, जी लिफ्ट बंद असली तर दुसऱ्या मजल्यावरचं काम सोमवारवर ढकलतात. ही मंडळी पहाटे शिखरावर पोचतात त्याचं श्रेय जिद्दीला किंवा महागड्या बुटांना देण्याची पद्धत आहे. माझ्या मते ते निखळ अंधाराचं. दिवसा पायथ्याच्या बारी गावातून मान वर केली की अख्खा डोंगर अंगावर येतो आणि शहाणा माणूस आणखी एक चहा सांगतो. रात्री दिसतो तो हेडटॉर्चच्या उजेडातला हातभर खडक आणि पुढच्याच्या बुटाची चिखलानं माखलेली टाच. तेवढं चढणं कुणालाही जमतं. लोखंडी शिड्यांवरही हाताला गार कठडा लागतो, पायाखाली पायरी वाजते. शेजारच्या दरीची खोली कुणी विचारत नाही. नवरात्रात शिखरावरच्या देवीला जाणारे आसपासचे गावकरी हाच डोंगर दिवसाढवळ्या चढतात, पण त्यांना उंची आधीच ठाऊक असते, त्यांच्यापासून लपवायचं काय?

कुणी म्हणेल, रात्री चढायचं ते ऊन टाळायला. एप्रिल-मेपुरतं कबूल, पण झुंबड उडते पावसाळ्यात, तेव्हा ऊन शोधूनही सापडत नाही. मग सूर्योदय? जुलैतला शिखरावरचा सूर्योदय म्हणजे पांढरं धुकं आणखी पांढरं होणं. हिवाळ्यात मात्र अलंग-मदन-कुलंग किल्ल्यांचे कडे उजळताना दिसतात, तिथे माझा मुद्दा जरा लंगडतो. अंधाराच्या जोडीला गट हवा तो सुरक्षिततेसाठी, हेही खरंच. रात्री एकट्यानं जाऊच नये. पण गटाचं मोठं काम लाज पुरवण्याचं. एकटा माणूस दम लागला की सरळ मागे फिरतो. चारचौघांत तो बुटाची नाडी बांधायला बसतो. एकेका चढावर नाड्या सुटण्याची जणू साथच येते. तेवढ्यात कुणीतरी ‘अजून किती?’ विचारतं, लीडर ‘झालंच, दहा मिनिटं’ सांगतो, आणि अंधारात ते पडताळून पाहायची सोय नसते. उजाडल्यावर उतरताना सगळा हिशेब डोळ्यांसमोर येतो, पण तोवर फोटो पाठवून झालेले असतात.

रविवारी सकाळी उतरणारे आणि चढणारे शिड्यांवर समोरासमोर येतात. तिथे सेल्फीसाठी वाट अडवू नका. आणि उतरणाऱ्याला ‘अजून किती?’ तर मुळीच विचारू नका. त्यानं डोंगर नुकताच उजेडात पाहिलेला असतो.